बेळगावच्या दुकानातलं प्लास्टिक समुद्रात पोचू नये म्हणून धंदेवाल्याने काय करायचं, पायरीपायरीने

जुलैमध्ये जोराचा पाऊस लागला की बळ्ळारी नाला फुगतो आणि शहापूर-वडगावच्या शिवारात पाणी घुसतं, हे बेळगावकराला नवीन सांगायला नको. पण पाणी उतरल्यावर शेतकरी बांधावर बसून काय वेचत असतात ते एकदा जाऊन बघा. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, चहाचे कप, भाताच्या रोपाला गुंडाळलेलं चकचकीत पाकीट. आमचा मसाला आणि चटण्यांचा लहानसा धंदा आहे, आणि दोन पावसाळ्यांपूर्वी ओळखीच्या एका शेतकऱ्याने चिखलाने भरलेलं एक पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "हे तुमचंच नव्हं?" आमचंच होतं. नाव स्वच्छ वाचता येत होतं.

तेव्हापासून मी जे शिकलो ते इथे लिहितोय. लेख लांब आहे, पण दुकानदार, कारखानदार, हॉटेलवाले, केटरर, बेकरीवाले सगळ्यांना काही ना काही लागू पडेल असा आहे, तुमचा भाग तेवढा नीट वाचा.

आधी पाणी कुठं जातं ते समजून घ्या

समुद्र इथून लांब, आपला काय संबंध, असं मला लई जणांनी विचारलंय. संबंध पाण्याचा आहे. बळ्ळारी नाला पुढे मार्कंडेयला मिळतो, मार्कंडेय गोकाककडे घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. निपाणीकडची वेदगंगा दूधगंगेतून कृष्णेलाच जाते. आणि खानापूर तालुक्यात तर कमाल आहे, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते, आणि त्याच कणकुंबीच्या कळसा नाल्याचं पाणी म्हादईला मिळून पश्चिमेला गोव्यात उतरतं, तिथं तिलाच मांडवी म्हणतात आणि पणजीजवळ ती अरबी समुद्राला मिळते. म्हणजे आपला जिल्हा दोन्ही समुद्रांना पाणी देतो.

कृष्णेच्या वाटेत आलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी मोठी धरणं आहेत, त्यामुळे टाकलेली प्रत्येक पिशवी उद्या समुद्रात असं मी म्हणणार नाही, बरंच काही गाळात बसतं, उन्हाने फुटतं, तुकडे होतात आणि ते तुकडे पुढे वाहत राहतात. पण म्हादईची वाट कृष्णेच्या मानाने फारच लहान आहे. म्हणून चोर्ला घाटाच्या रस्त्यावरचे ढाबे, चहाच्या टपऱ्या, रिसॉर्ट, तुम्ही समुद्राच्या सगळ्यात जवळ आहात, हे लक्षात ठेवा. २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला होता, त्यात नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के प्लास्टिक हजाराहून जास्त नद्यांतून येतं असं दिसलं. आधी लोक समजत होते की दहाबारा मोठ्या नद्याच दोषी आहेत. तसं नाही, शहरातून वाहणारे लहान नाले-नद्याच जास्त.

पहिली पायरी: सात दिवस वजन करा

काहीही बदलायच्या आधी मोजा. आम्ही पाच पोती ठेवली. एकात मऊ पिशव्या, म्हणजे दुधाच्या पिशव्या, मालावरचं पातळ आवरण, ज्याला भंगारवाले एलडी म्हणतात. दुसऱ्यात कडक माल, डबे, बरण्या, झाकणं, बादल्या. तिसऱ्यात पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या बाटल्या. चौथ्यात चकचकीत पाकिटं, ज्यात प्लास्टिकबरोबर ॲल्युमिनियमचा थर किंवा दोन-तीन जातीचे थर एकत्र चिकटवलेले असतात. पाचव्यात तेलकट, घाणेरडं, काय आहे ते कळत नाही असं सगळं. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना वजन, वहीत आकडा, झालं.

कुठली वस्तू कुठल्या पोत्यात ते कळत नसेल तर दोन साध्या युक्त्या. चकचकीत पाकीट मुठीत चुरगाळा आणि सोडा, आपोआप उलगडलं तर प्लास्टिकचा थर आहे, नुसतं ॲल्युमिनियम असेल तर चुरगाळलेलंच राहतं. आणि स्वच्छ तुकडा पाण्याच्या बादलीत बुडवून बघा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पाण्याच्या बाटलीचं पीईटी आणि पाइपाचं पीव्हीसी बुडतं. ही युक्ती भंगारवाल्यांची, पण आपल्या विषयालाही लागू आहे, कारण जे तरंगतं ते पुरात लांब जातं आणि जे बुडतं ते नाल्याच्या तळाला बसून नाला अडवतं. मग पाणी शेतात घुसतं.

आता दुसरं मोजमाप, आणि हे बहुतेक लोक विसरतात. दुकानात उरलेला कचरा हा अर्धाच हिशोब आहे, उरलेलं प्लास्टिक गिऱ्हाइकाच्या हातात मालाबरोबर बाहेर जातं. तुमची शंभर रिकामी पाकिटं वजन करा. समजा एक पाकीट ३ ग्रॅमचं आहे आणि दिवसाला ४०० जातात, तर रोजचं १ किलो २०० ग्रॅम, वर्षाला ३०० दिवस धरले तर ३६० किलो. आमच्या दुकानात उरणाऱ्या कचऱ्यापेक्षा बाहेर जाणारं प्लास्टिक कितीतरी जास्त निघालं. आकडा बघून मी आणि माझी बायको दोघेही गप्प बसलो होतो.

दुसरी पायरी: बंदी असलेलं आज बंद करा

इथं सीमाभागातल्या माणसाचा घोटाळा होतो, कारण आपला माल तीन राज्यांत फिरतो आणि नियम तीन आहेत.

केंद्राचा नियम असा की १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आहे. प्लास्टिकच्या प्लेटा, कप, ग्लास, चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, ट्रे, फुग्याच्या, कँडीच्या आणि आइस्क्रीमच्या प्लास्टिक काड्या, कानात घालायच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकचे झेंडे, सजावटीचं थर्माकोल, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आणि आता कुंदा, करदंट विकणाऱ्यांनी कान देऊन ऐका, मिठाईच्या बॉक्सवर गुंडाळतात ती पातळ प्लास्टिकची फिल्म, लग्नपत्रिकेवरची फिल्म, सिगारेटच्या पाकिटावरची फिल्म, हीसुद्धा त्या यादीत आहे. बॉक्स चांगला पुठ्ठ्याचा असतो आणि वरून चकचकीत दिसावा म्हणून फिल्म चढवतात, आणि दुकानदाराला माहीतच नसतं की हे बंद आहे. कागदी पट्टी किंवा सुतळी लावा, कुंद्याला काही होत नाही.

पिशव्यांचं वेगळं आहे. केंद्राने कॅरीबॅगची जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. पण कर्नाटकाने ११ मार्च २०१६ च्या अधिसूचनेनेच प्लास्टिक कॅरीबॅग, फ्लेक्स, प्लेटा, कप, चमचे, क्लिंग फिल्म, टेबलावर पसरायची शीट हे सगळं बंद केलंय, आणि तिथं मायक्रॉनचा प्रश्नच नाही, कितीही जाड असली तरी. त्यामुळे "ही १२० मायक्रॉनची आहे, चालते" असं होलसेलवाला सांगत असेल तर ते बेळगावात लागू नाही. तिकडे कोल्हापूर-गडहिंग्लजला माल देत असाल तर महाराष्ट्राची २३ मार्च २०१८ ची अधिसूचना वेगळी, तिथं दंड पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तुरुंगही. मी सोपा उपाय केला, तिन्हीपैकी जो कडक नियम तोच सगळीकडे पाळायचा, म्हणजे ट्रक कुठं चाललाय ते बघत बसायला नको.

तंबाखूचा धंदा असलेल्या निपाणीकरांसाठी एवढंच, गुटखा, तंबाखू, पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत भरायला, साठवायला, विकायला २०१६ च्या केंद्राच्या नियमातच मनाई आहे.

कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी ही कापड नाही, पॉलिप्रॉपिलीन आहे. खात्री करायची तर एक धागा चिमट्यात धरून उघड्यावर जाळून बघा, सुती असेल तर राख होते, प्लास्टिक असेल तर वितळून कडक मणी होतो. तसंच कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, तो कागद समजून घेऊ नका. आणि कंपोस्ट होणाऱ्या पिशव्या घेताना विकणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकीट मागा, पण ते असलं तरी त्या पिशव्या कंपोस्टच्या कारखान्यात पन्नास-साठ डिग्री उष्णतेत कुजायला बनवलेल्या असतात, नाल्यात किंवा समुद्रात त्या तशा कुजत नाहीत. गिऱ्हाइकाला "ही टाकून दिली तरी चालते" असं सांगू नका.

तिसरी पायरी: कायद्यात तुम्ही कोण आहात ते शोधा

ईपीआर हा शब्द आता सगळ्यांच्या कानावर आलाय. साध्या भाषेत, माल विकून पैसे घेतले म्हणजे त्याच्या वेष्टनाची जबाबदारी संपली असं नाही, ते परत गोळा होऊन रिसायकल होतंय याचा हिशोब द्यायचा. १६ फेब्रुवारी २०२२ ला याची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात तीन प्रकारचे धंदेवाले येतात, पाकिटं-डबे बनवणारा उत्पादक, बाहेरून आणणारा आयातदार, आणि ज्याचं नाव पाकिटावर छापलंय तो ब्रँडचा मालक. माल दुसऱ्याकडून बनवून घेऊन वर आपलं नाव छापत असाल तर ब्रँडचे मालक तुम्हीच.

सूक्ष्म आणि लघु उद्योगातल्या ब्रँड मालकाला या जबाबदारीतून सूट आहे. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढाल अशी झालीय, म्हणजे आमच्यासारखे जवळजवळ सगळे बाहेर. पण पाकिटं, पिशव्या, डबे बनवणारा कारखाना असेल तर लहान असला तरी नोंदणी चुकत नाही. २०२४ च्या बदलानंतर लहान उत्पादकाचं टार्गेट, म्हणजे वर्षाला किती टक्के वेष्टन रिसायकल झालं पाहिजे तो आकडा, त्याला कच्चा माल देणाऱ्यावर गेलंय, नोंदणी मात्र करावीच लागते. म्हणून तुम्ही पाउच जिथून छापून घेता त्याला त्याचा नोंदणी नंबर विचारा. देत नसेल तर दुसरा बघा. मी विचारल्यावर एकाने तीन आठवडे टोलवाटोलवी केली, मग मी दुसरीकडे गेलो आणि दरात किलोमागे थोडासाच फरक पडला.

मध्यम किंवा मोठे असाल तर हे नीट वाचा. नोंदणी केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर करायची. धंदा एक किंवा दोन राज्यांत असेल तर अर्ज राज्याच्या मंडळाकडे जातो, दोनपेक्षा जास्त राज्यांत असेल तर थेट केंद्राच्या मंडळाकडे. बेळगावचा माल कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा इतका तर सहज जातो, म्हणजे तुम्ही केंद्राच्या खात्यात. बऱ्याच जणांचा अर्ज इथंच चुकतो आणि महिने जातात.

वेष्टनाचे प्रकार असे, पहिला कडक, बरण्या-बाटल्या. दुसरा मऊ, एकाच किंवा अनेक थरांचा पण सगळं प्लास्टिकच. तिसरा ज्यात प्लास्टिकशिवाय दुसरा थर आहे, उदाहरणार्थ ॲल्युमिनियम. चौथा कंपोस्ट होणारा. २०२५-२६ ला किमान रिसायकलिंग पहिल्यासाठी ६० टक्के, दुसऱ्या-तिसऱ्यासाठी ४० टक्के, आणि २०२७-२८ पर्यंत हे ८० आणि ६० पर्यंत चढतं. शिवाय नवीन कडक वेष्टनात जुनं रिसायकल केलेलं प्लास्टिक वापरायची टक्केवारीही आहे, ३० पासून सुरू, खाण्याच्या मालाला मात्र अन्न सुरक्षेचे नियम आधी बघा. वार्षिक विवरण ३० जूनच्या आत.

टार्गेट भरायला, तेवढं प्लास्टिक रिसायकल झालं अशी सर्टिफिकिटं रिसायकल करणाऱ्यांकडून विकत मिळतात. कायद्याने चालतं. पण २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत लाखांच्या संख्येने खोटी सर्टिफिकिटं सापडली होती, त्यात कर्नाटकातलीही होती. स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका, रिसायकल करणाऱ्याचा कारखाना स्वतः जाऊन बघा, त्याचं वीजबिल किती येतं ते विचारा. महिन्याला शेकडो टन प्लास्टिक वितळवणाऱ्याचं वीजबिल घरगुती असू शकत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आम्हाला कायद्याने सूट आहे, पण त्या शेतात सापडलेलं पाकीट आमचंच होतं, म्हणून टार्गेट आम्ही आमच्यापुरतं ठरवून घेतलंय.

चौथी पायरी: कमी करा, आणि इथंच सगळ्यात जास्त काम आहे

सगळ्यात सोपं काम उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखानदारांचं. कास्टिंग, मशीनिंगचा माल कोल्हापूर-पुण्याला जातो, तो फिल्ममध्ये गुंडाळून, फोम लावून, पट्ट्या मारून. तिकडे पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ते सगळं कचऱ्यात. आणि तोच टेम्पो येताना रिकामा येतो. परत येणारे क्रेट करा, आत खाचा पाडून घ्या म्हणजे माल एकमेकाला घासत नाही, क्रेटवर नंबर रंगवा आणि चलनावर तो नंबर लिहा, नाहीतर क्रेट परत येत नाहीत. सुरुवातीला पैसा घालावा लागतो, पण फिल्मचा खर्च दर महिन्याला असतो आणि क्रेट वर्षानुवर्षं चालतो. गिऱ्हाईक कंपनीच्या परचेसवाल्याशी आधी बोला, तेही कचऱ्याला कंटाळलेले असतात.

शहापूर-वडगावच्या विणकरांकडे साडीला एक कव्हर, मग दहा साड्यांना एक मोठं कव्हर, मग पोत्याला आतून एक. आतलं एक कमी करता येतं का ते पेढीवाल्याला विचारा, पावसाळ्यात बाहेरचं लागतंच, ते ठेवा. बेकरीवाल्यांनी पाव क्रेटमधूनच द्यावा. साखर कारखान्यांसाठी तर कायदाच आहे, ज्यूट पॅकेजिंगच्या १९८७ च्या कायद्याखाली २० टक्के साखर तागाच्या पोत्यात भरायची असते.

केटरर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, स्टीलची ताटं भाड्याने द्या आणि धुणाऱ्याची मजुरी दरात धरा. ज्यांना टाकाऊच पाहिजे त्यांना पळसाच्या पत्रावळी, द्रोण, सुपारीच्या झावळीची ताटं. खानापूरकडे पळसाची पानं लावणाऱ्या बायका अजून आहेत, ऑर्डर चार दिवस आधी द्या एवढंच.

आता आमचं मसाल्याचं. आमचं पाकीट तिसऱ्या प्रकारचं होतं, चकचकीत, आणि भंगारात त्याला शून्य भाव. आम्ही नुसत्या पॉलिथिनच्या थरांचं पाकीट करून बघितलं. सुक्या मसाल्याला चाललं. तेल असलेल्या चटणीला नाही चाललं, महिन्याभरात वास जायला लागला आणि तेल पाझरलं. मग चटणी काचेच्या बरणीत, बरणी परत आणली की पाच रुपये परत. हे सांगायचं कारण असं की एकदम सगळा माल बदलू नका, शंभर पाकिटं भरून दीड महिना कपाटात ठेवा, काही उन्हात ठेवा, मग ठरवा. घाईने बदलून माल खराब झाला तर तो मसाला आणि प्लास्टिक दोन्ही वाया.

बरण्यांचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात फारच थोड्या परत आल्या. मग दुकानदारालाही बरणीमागे एक रुपया दिला, तेव्हा परत यायला लागल्या. मध्ये जो माणूस आहे त्याला काही मिळालं नाही तर कुठलीही परत घ्यायची योजना चालत नाही, हे मला दोन महिने घालवून कळलं. गोव्यात माल देत असाल तर तिथं २०२४ मध्ये बाटल्या-पाकिटांवर डिपॉझिट घेऊन परत द्यायची योजना अधिसूचित झालीय, त्यावर लक्ष ठेवा, लेबल बदलावं लागू शकतं.

पाचवी पायरी: दाण्याचा कारखाना असेल तर फरशी बघा

मोल्डिंगवाले, पाइपवाले, फिल्मवाले, हे तुमच्यासाठी. तुमचा कच्चा माल म्हणजे प्लास्टिकचा दाणा, २ ते ५ मिलिमीटरचा, एकाचं वजन साधारण २५ मिलिग्रॅम धरलं तर २५ किलोच्या एका पोत्यात दहा लाखांच्या आसपास दाणे. पोतं फाडताना ओंजळभर सांडले तरी कुणी वाकत नाही, संध्याकाळी फरशीवर पाणी मारलं की सगळं गटारात. पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीनचा दाणा तरंगतो, माशांना अंड्यासारखा दिसतो. २५ मे २०२५ ला केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा ३ नावाचं जहाज बुडालं तेव्हा हेच दाणे किनाऱ्यावर येऊन पडले आणि लोक वाळू चाळून चाळून दमले. ते जहाजाचं झालं. कारखान्यातून रोज थोडं थोडं जातं ते कुणाला दिसत नाही.

उपाय स्वस्त आहेत. पोतं कात्रीने सरळ कापा, खाली मोठा ट्रे ठेवा, हॉपरच्या, म्हणजे यंत्रात दाणा ओतायच्या नरसाळ्याच्या, भोवती पत्र्याचा कठडा करा, प्रत्येक पाळी संपताना कोरडा झाडू, पाणी अजिबात नाही. आवारातल्या गटाराच्या तोंडाला दाण्यापेक्षा बारीक जाळी बसवा, एकामागे एक दोन, आणि त्या मे महिन्यातच बसवा, जूनमध्ये पाऊस लागला की वेळ गेली. जाळी रोज साफ करायला एक माणूस नावानिशी ठरवा. सांडलेला दाणा वेगळ्या पोत्यात भरून महिन्याला वजन करा, दर महिन्याला तो आकडा कमी व्हायला पाहिजे.

सहावी पायरी: गेटच्या आतलं वेगळं, कोरडं, न जळलेलं

ओलं आणि सुकं एकत्र झालं की सुक्याचा भाव जातो. हॉटेलवाल्यांनी दुधाच्या पिशव्या उलट्या करून पाण्यात हिसळून दोरीवर वाळत घालाव्यात. आणि पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, जोडलेलाच ठेवा, तो एवढासा तुकडा कुठल्याच पोत्यात जात नाही, सरळ मोरीत जातो.

जाळू नका. पीव्हीसी जळलं की डायऑक्सिनसारखी विषं निघतात. हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० दंड ठरवलाय. रात्री दुकानामागे पेटवून देणारे अजून आहेत, त्या गल्लीतल्या लहान मुलांचा तरी विचार करा.

घंटागाडीत टाकलं की काम झालं असंही समजू नका. मिसळलेला कचरा तुरमुरीच्या डेपोवर जातो आणि तिथल्या गावकऱ्यांनी वासासाठी, पाण्यासाठी काय सोसलंय ते त्यांनाच विचारा.

सातवी पायरी: भंगारवाल्याला भागीदार समजा

खरं रिसायकलिंग या शहरात भंगारवाला आणि कचरा वेचणाऱ्या बायकाच करतात. ठरावीक वार, ठरावीक वेळ, वजन आपल्यासमोर, आणि वहीत सही. त्याच्याकडून पुढे माल कुठं जातो ते विचारा, गठ्ठे कुठल्या गोदामात, तिथून कुठल्या कारखान्यात. पहिल्यांदा तो सांगणार नाही, त्याला वाटतं आपण त्याचा धंदा तोडतोय. चहा पाजा, दोन-तीन महिने गेले की सांगतो.

चकचकीत पाकिटाला तो हात लावत नाही कारण त्याला त्यात काही मिळत नाही. तिथं पैसे आपण द्यायचे. ही पाकिटं सिमेंटच्या भट्टीत जाळायला देता येतात, भट्टीत माल १,४०० डिग्रीच्या वर तापतो त्यामुळे पूर्ण जळतं, पण हे रिसायकलिंग नव्हे, विल्हेवाट आहे, आणि ईपीआरच्या हिशोबातही ते वेगळं धरतात. शिवाय एकट्या दुकानाचा माल इतका थोडा असतो की गाडीभाडंसुद्धा सुटत नाही. खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीचं सुक्या कचऱ्याचं युनिट बघा, बऱ्याच ठिकाणी बचत गटाच्या बायका चालवतात, त्यांना स्वच्छ आणि वेगळा केलेला माल नेऊन द्या आणि महिन्याला काहीतरी रक्कम बांधून द्या.

कागदपत्रं आणि पाकिटावरचे शब्द

एकच जाड वही करा, वजनाचे आकडे, भंगाराच्या पावत्या, पाउचवाल्याचा नोंदणी नंबर, सगळं त्यात. नोटीस कन्नडमध्ये येते, ती कपाटात ठेवून देऊ नका, ज्याला वाचता येतं त्याच्याकडून त्याच दिवशी वाचून घ्या, उत्तराची मुदत त्यातच असते. पोर्टल इंग्रजीत आहे, घरातल्या शिकलेल्या पोरांना बसवा.

आणि पाकिटावर "पर्यावरणपूरक", "निसर्गस्नेही" असं उगाच छापू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, दावा केला तर पुरावा पाहिजे. आम्ही फक्त एवढं छापतो, "रिकामी बरणी दुकानात द्या, पाच रुपये घ्या."

गणपतीच्या आधी

बेळगावात मंडळांना वर्गणी आणि जाहिरात आपणच देतो, त्यामुळे हेही धंदेवाल्याचंच काम. तुमच्या दुकानाचं नाव ज्या कमानीवर लागणार ती फ्लेक्सची असेल तर पैसे देऊ नका, फ्लेक्स कर्नाटकात २०१६ पासूनच बंद आहे, कापडावर रंगवून घ्या म्हणावं, रंगवणारे पेंटर अजून गल्लीत आहेत आणि त्यांना काम पाहिजे. थर्माकोलचं मखर नको. महाप्रसादाला पत्रावळी द्यायच्या असतील तर वर्गणीऐवजी पत्रावळीच द्या. विसर्जनाला कपिलेश्वर तलावाकडे निघताना आरासीचं प्लास्टिक मंडपातच उतरवून ठेवायला सांगा, मूर्तीबरोबर ते पाण्यात जाऊ नये.

आमच्या गल्लीत सात दुकानं मिळून आता चकचकीत पाकिटं एकाच ठिकाणी साठवतो, एका जुन्या खोलीत, उंदीर लागू नये म्हणून पत्र्याच्या पेटीत. टेम्पो भरायला आम्हाला चार महिने लागतात. भाडं सात जणांत वाटून घेतो आणि दर पहिल्या तारखेला पेटी कोणी झाडायची त्याची पाळी भिंतीवर खडूने लिहिलेली असते.